गुलाबभाऊंची नळी

गुलाबभाऊंच्या खिशात ठिबकच्या नळीचा वीतभर तुकडा असतो. पवनारच्या बसस्टॉपवर, चहाच्या टपरीवर, एकदा तर साखरपुड्याच्या पंगतीत त्यांनी तो काढून एका अनोळखी पाहुण्याला आपलं स्वादुपिंड समजावून सांगितलं. पाहुण्याचा लाडू हातातच राहिला.

"हे पाहा, पित्ताचा खडा अडकला अन् इथं नळी फुटली. रस पोटातच मुरून राह्यलता. डॉक्टरनं तोंडातून दुर्बीण घातली, फुटल्या जागी आतून बारीक नळी बसवली. चिरा नाई, टाका नाई. मी वांग्याच्या वावरात हेच त करतो."

हा माणूस मरणाच्या दारातून परत आलाय, हे त्यांच्या बोलण्यात कुठेच नसतं. डॉक्टरांना म्हणे त्यांनी नळीला फिल्टर बसवायचंही सुचवलं होतं.

आतली नळी पुढच्या महिन्यात काढायची आहे. तोवर तेल, मसाला बंद. आणि हे गृहस्थ दर गुरुवारी वांगी घेऊन आमच्या दारात. "वहिनी, घरी पाहुणे हायेत. झणझणीत करजा, तेल सुटलं पायजे." बायकोने दोनदा डबा भरून दिला. तिसऱ्या गुरुवारी डबा भरून झाल्यावर मी आडवा आलो. त्यांच्याकडे पाहुणा काही मला दिसला नव्हता.

"भाऊ, पुन्हा दुखणं उठलं तर?"

 ते डबा घेऊन चालते झाले. मला राग आला आणि भीतीही वाटली. मी मागोमाग गेलो.

ओसरीवर त्यांची बायको, पार्वतावहिनी, भाकरीशी ती वांगी खात होत्या. समोर गुलाबभाऊ, ताटात फिकं वरण-भात.

मला पाहताच वहिनी ओशाळल्या. "दवाखान्यातून आल्यापासून घरात फोडनी नाई टाकत मी. वास आला की ह्यायचा जीव जाते खायसाठी. पन मास्तर, तुमची बायको दर गुरुवारी काऊन तकलीफ घेते? हे म्हनतात, वहिनीनं पाठवलं, परत कसं करू."

गुलाबभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात खिशाकडे गेला.

"गुरुवारी आमच्याकडे वांगी फार होतात, वहिनी," मी म्हणालो. मला माझ्या संशयाची लाज वाटत होती.

वहिनींनी दुसरी भाकरी घेतली. त्यांचं जेवण होईपर्यंत गुलाबभाऊ खिशातला तो तुकडा मुठीत घट्ट धरून बसले होते.