डोळे तपासणीचा सराव

"चाळीस पोरांचे डोळे? तासाभरात उरकते," असं नर्सबाई मुख्याध्यापकांना छातीठोकपणे सांगून आल्या आणि तेव्हापासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली.

शाळेतला दवाखाना म्हणजे जिन्याखालची खोली. पूर्वी तिथे मोडकी बाकं असत. भोवतालच्या दाट वस्तीतली पोरं एरवी डॉक्टरचं तोंड बघत नसत, म्हणून शाळेतच ही सोय केलेली. पण वर्षभराच्या बोलीवर. शुक्रवारी तपासणी बघायला खात्याचे साहेब येणार. गरज दिसली तर खोली राहणार, नाहीतर बाकं परत. शिवाय चौथीतली मुंगी होती. वहीला नाक लावून लिहायची, म्हणून मुंगी. तिला चष्मा मिळालाच पाहिजे, हे नर्सबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

पोरं बुजू नयेत म्हणून त्यांनी अक्षरांचा तक्ता दोन दिवस आधी वर्गात पाठवला आणि तिथेच माशी शिंकली. चौथीच्या बाईंचा वर्ग आजवर कुठल्याही परीक्षेत मागे पडला नव्हता.

शुक्रवारी पहिल्या पोराने सगळ्या ओळी एका दमात म्हटल्या. दुसऱ्याने तर खालचं छापखान्याचं नावही सांगितलं. दहावं पोर झालं तसं साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"डोळे उत्तम आहेत की सगळ्यांचे. मग दवाखाना कशाला?"

"थांबा साहेब, तक्ता उलटा टांगते." नर्सबाई घाईघाईने स्टुलावर चढल्या. तक्ता काढून काखेत मारला, तोवर मुंगी जमिनीवरच्या खडूच्या रेघेवर येऊन उभी राहिली आणि मोकळ्या भिंतीकडे बघत खणखणीत आवाजात सुरू झाली, "ट, ग, म, प..."

"मुंगे, तक्ता कुठाय?"

"समोर, भिंतीवर."

मुंगीचा चेहरा पडला. "बाई, मी नापास झाले?"

नर्सबाईंना भडभडून आलं. त्या स्टुलावरून उतरल्या आणि त्यांनी तिला जवळ घेतलं. "झालीस. म्हणूनच तुला चष्मा मिळणार. कुठल्या रंगाचा हवा?"

"लाल."

हे रांगेने ऐकलं. नर्सबाईंनी तक्ता पुन्हा टांगला, तर पुढचं पोर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिलं आणि म्हणालं, "कुठला तक्ता?" त्याच्या मागचं भिंत चाचपतच आत आलं. मघाशी छापखाना वाचणारा धावत परतला. "बाई, मघाशी चुकून दिसलं. मला निळा."

साहेबांनी टोपण काढलं आणि भराभर लिहिलं: चाळीसपैकी चाळीस. परिस्थिती गंभीर. दवाखाना कायम ठेवावा.

"साहेब, तसं नाही, मला सगळी पुन्हा तपासावी लागतील."

"तपासा की. आता खोली तुमचीच आहे."

साहेब गेले. चौथीच्या बाई मात्र दारातच घुटमळत होत्या. अख्खा वर्ग नापास झाल्याने त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"नर्सबाई, पुढच्या आठवड्यात रक्त तपासायचंय ना? नमुना आधी पाठवा. या वेळी नीट सराव करून घेते."