सासूबाईंच्या गावाला निघालेली कॅसेट

मर्लने ठरवलं, या हिवाळ्यात सासूबाईंना सांगून टाकायचं, येऊ नका. (सांगायचं म्हणजे आधी आरशाला.)

ऑगस्टाबाई दर नोव्हेंबरात यायच्या, त्या बर्फ वितळून रस्त्यात चिखल झाला की जायच्या. तेवढे पाच महिने मर्ल स्वतःच्याच घरात पाहुणा. पण आरशात रागावलेला मर्ल बघून मर्ललाच हसू यायचं. मग त्याने सरळ स्टेशनातला कॅमेरा घरी आणला. पडद्यावर आपण कडक दिसतो का, ते तरी कळेल.

स्टेशन म्हणजे टीव्हीचं. अमेरिकेतल्या मोंटानाच्या गव्हाच्या मुलखात तेव्हा गावाला एकच चॅनेल, आणि या गावचं चॅनेल म्हणजे मर्लच. मालिका तोच लावायचा, हवामान तोच सांगायचा, फरशीही तोच पुसायचा. अँटेनाला चांदीचा कागद नीट गुंडाळला नाही तर घरोघरी एकाचे दोन मर्ल दिसायचे, तरी लोक एका मर्लइतक्याच प्रेमाने दोघांना बघायचे.

मालिका एकट्याने घ्यायची ऐपत कुणाचीच नव्हती. म्हणून पाच गावांत मिळून एक कॅसेट. मर्लने दाखवली की डबा बसने दुसऱ्या गावाला, तिथून तिसऱ्या, प्रत्येक गाव आठवडाभर मागे. मर्लकडे नाताळचा भाग नाताळात, तर शेवटच्या स्टोन लेकमध्ये जानेवारी संपत आल्यावर. तिथली माणसं म्हणे तोवर नाताळचं झाड काढायचीच नाहीत. एका गोष्टीची महिनाभर वाट बघायला जमायचं तेव्हा लोकांना.

सासूबाई राहायच्या स्टोन लेकला.

तर एका शनिवारी बायको, व्हर्ना, चर्चच्या जेवणाला गेली आणि मर्ल स्वयंपाकघरात कॅमेऱ्यासमोर बसला. "आई, तुमच्याबद्दल मला आदर आहे," त्याने सुरुवात केली. "पण मी बटाटे सोलले की तुम्ही सालींत बटाटा शोधता. माझी अंघोळ किती मिनिटांची, ते तुम्ही घड्याळ लावून मोजता." गडी असा रंगला की बावीस मिनिटं थांबलाच नाही. तेवढ्यात दारात गाडी वाजली. मर्लने कॅसेट उपसली आणि हाताला लागेल तो डबा रिकामा करून त्यात कोंबली.

सोमवारी तो डबा मालिकेचा म्हणून बसमध्ये चढला.

तीन आठवड्यांनी फ्रिजमागे मालिकेची खरी कॅसेट सापडली तेव्हा मर्लला कळलं, डब्यातून गेली ती कुठली. त्याने चौथ्या गावचं चॅनेल चालवणाऱ्या लॉइडला फोन लावला. दोघांची दोस्ती फोनवरचीच, एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही.

"लॉइड, या आठवड्याचा भाग लावलास का रे?"

"कालच लावला की. तो नवा रडका नट कुठून धरून आणला? चौदा बायांचे फोन आले. सगळ्या सासूच्या बाजूने."

"कॅसेट कुठाय आता?"

"बसमध्ये. मग काय उबवायला ठेवू?"

स्टोन लेकच्या चॅनेलच्या मालकाला मर्लने विनवलं, ती लावू नका. कारण सांगायची सोय नव्हती. (सांगितलं असतं तर कॅसेटच्या आधी बातमी पोचली असती.) मालक म्हणाला, "ट्रॅक्टरवाल्याची जाहिरात घेतलीय मी. मग अर्धा तास काय, भिंत दाखवू?"

उरला एकच उपाय. सात वाजता मालिका लागेल तेव्हा सासूबाई टीव्हीपुढे नसल्या पाहिजेत.

"मी आईंना आणायला जातो," तो व्हर्नाला म्हणाला.

"तू? आपणहून?" व्हर्नाने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप तर नाहीये."

दीडशे मैल बर्फातून. वाटेत टायर बसला. स्टोन लेकमध्ये शिरला तेव्हा सव्वासात झालेले, आणि दुकानाच्या काचेत ओळीने सात टीव्हींवर सात मर्ल हात उडवत भांडत होते. बाहेर उभी माणसं मफलरमध्ये हसत होती. त्यांच्या मागे उभं राहून बघताना मर्लला पहिल्यांदाच वाटलं, कडक दिसतोय की आपण. मग तो पुन्हा गाडीकडे पळाला.

सासूबाईंच्या घरी टीव्ही नुकताच बंद झालेला.

"आलास? बूट तिथेच काढ."

"आई, आज टीव्ही बघितलात?"

"बघितला. शेवटपर्यंत."

मर्लने टोपी काढून हातात धरली.

"चेहरा हुबेहूब तुझा रे. आवाज तुझा. मागे पडदेही व्हर्नाच्या पडद्यांसारखे. क्षणभर वाटलं, तूच."

"आई, त्याचं असं झालं..."

"पण तो माणूस सासूला फाडफाड बोलत सुटला. तेव्हा म्हटलं, छे, आपला मर्ल कुठला." त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. "चार बॅगा आहेत. हिरवी जड आहे, ती आधी ने."

मर्लने हिरवी आधी नेली.