चव्हाण मास्तराचा गूळ मी खाल्ला

आमच्या गावच्या शाळेत शनिवारी पहिल्या तासाला पोट्टे नुसते हसतात. चव्हाण मास्तर फळ्यावर मोठ्या अक्षरात एक शब्द लिहितो, हात झटकतो, खुर्चीवर बसतो आणि म्हणतो, "आधी हसून घ्या, मग शिकू." एवढं म्हटलं की आठवी-नववीची पोरंपोरी बाकाखाली डोकी घालून, एकमेकांच्या पाठीत बुक्क्या मारून हसतात. मास्तर आर्णीची एसटी येईल तेव्हा येईल, अशा चेहऱ्यानं बसून राहतो. हसू संपलं की खडू घेऊन उठतो. "झालं? हं. तर पाळी म्हणजे काय, ते पाहू."

शाळेची आणि माझ्या घराची भिंत एकच. त्यात मास्तर माझ्याच अंगणातल्या खोलीत भाड्यानं राहतो. म्हणजे त्या शब्दांची पहिली झळ मला. मी तिसरी शिकलेला माणूस. सही करतो, पेपर वाचतो आणि वाद घालतो. गावात मानानं जगायला याहून जास्त शिक्षण लागत नाही. आधीचे मास्तर हा धडा आला की "घरी वाचून या" म्हणायचे. घरी वाचायला घेतला की माय पाठीत धपाटा घालायची. हा धडा कोणीच न वाचता गावची लोकसंख्या व्यवस्थित वाढत होती. मग तो फळ्यावर मांडायचं कारण काय?

असं मी त्याला भर वर्गात जाऊन विचारलं. त्यानं मला शेवटच्या बाकावर बसवलं आणि फळ्यावर लिहिलं, 'वीर्य'. मी बैल पाळले, बोकड पाळले, पाच लेकरांचा बाप आहे. मला कशाचं हसू येतं? पण पुढच्या बाकावरचं एक पोट्टं फिसकन् हसलं आणि माझाही बांध फुटला. एवढा हसलो की कवळी हातात आली. वर्ग कधीचा शांत झाला होता. मास्तर खडू घेऊन माझ्यासाठी थांबला होता. "झालं, काका?" म्हणाला. तेव्हापासून मी शनिवारी जाऊन बसतो. शिकायला नाही, लक्ष ठेवायला.

दुसरा त्याचा खेळ याहून वंगाळ. एका पोरानं उठून एखाद्या पोरीला काहीतरी मागायचं. सायकल माग, पेन माग, संगं शाळेत येते का म्हणून विचार. पोरीनं म्हणायचं, "नाही." पोरानं म्हणायचं, "बरं," आणि जागेवर जाऊन बसायचं. बस. "काहून?" म्हणून कारण विचारलं की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या भागात "काहून" म्हटल्याशिवाय माणसाचा श्वास पुढं सरकत नाही. काही पोट्ट्यांना साधं "बरं" म्हणायला दिवाळी उजाडली. मग उलटं, पोरींनी मागायचं आणि पोरांनी "नाही" म्हणायचं.

ही साथ घराघरात पसरली. एका बापानं पालकसभेत रडगाणं गायलं की पोरगी चहा ठेव म्हटलं तर नाही म्हणते आणि वरून "बरं म्हणा" असं शिकवते. मी आमच्या बुढीला, म्हणजे बायकोला, दुसरा चहा मागितला. ती म्हणाली, "नाही." मी म्हटलं, "काहून?" ती म्हणाली, "जा, अजून शिकून या." पण सभेत मास्तराचा तास बंद करायचा म्हणून हात वर करायला सांगितले, तेव्हा बायांच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. त्यांच्याकडं पाहून बाप्यांचेही अर्धे हात खाली आले.

पोरींना जे मास्तराला विचारता येत नाही, ते सांगायला उपकेंद्रातली राठोड सिस्टर स्कूटीवर यायची. नवरा वारून बरीच वर्षं झालेली, एकटी राहणारी, मोजकं बोलणारी बाई. ती यायची त्या शनिवारी मास्तराच्या शर्टाला इस्त्री असायची. जो माणूस सगळ्या वर्गासमोर नको नको ते शब्द खणखणीत म्हणायचा, त्याला तिच्यासमोर "चहा घ्या" म्हणता यायचं नाही. नुसता कप पुढं करायचा आणि खिडकीबाहेर पाहायचा.

मी काही आंधळा नाही. मास्तर ढाणकीकडच्या बंजारा तांड्यातला. म्हाताऱ्या आईचं, त्याच्या याडीचं, दुखणं काढता काढता लग्न राहिलेलं. ती गेली तोवर हा पंचेचाळिशीला टेकला होता. मी म्हटलं, "मी शब्द टाकतो." तो म्हणाला, "नाही काका. पोट्ट्यांले काय शिकवून राह्यलो अन् मी काय करू? माझं मीच इचारीन. हिंमत झाली का."

कापूस वेचून झाला, तूर घरात आली, हिंमत काही येईना. शेवटी मी धुवट टोपी घातली, एसटीत बसलो आणि आर्णीजवळच्या तांड्यात सिस्टरच्या भावाकडं पोचलो. रीत म्हणजे रीत. चव्हाण-राठोड, गोताची अडचण नव्हती. भाऊ खूश झाला. तांड्याचा नायक आला, चार माणसं बसली, ताटात गूळ फोडून आला. त्यांच्यात हा गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. मला ठाऊक होतं, म्हणूनच मी दोनदा खाल्ला.

मिशीला पीळ देत घरी आलो. मास्तर अंगणात कपडे वाळत घालत होता. सगळं ऐकून म्हणाला, "सिस्टर होत्या तिथं?"

"तिचं काय काम? तिचा भाऊ होता ना."

"गूळ कोणी खाल्ला?"

"मी."

"मंग लगन तुमचं ठरलं, काका. मुहूर्त काढा."

बुढी आतून म्हणाली, "काढा, काढा. मी वरातीत नाचते."

मास्तर मात्र हसत नव्हता. भावानं सिस्टरला त्याच दिवशी फोन करून तारीख विचारली होती. पुढच्या शनिवारी ती आलीच नाही. पोरी दाराकडं पाहत बसल्या. मास्तरानं त्या दिवशी फळ्यावर शब्द लिहिला, पण "हसून घ्या" म्हणायला विसरला. तास सुटल्यावर मला म्हणाला, "तिले वाटलं असंल, मीच तुमाले धाडलं. पोरीइले बोलाले एक जागा होती, तेही गेली."

आणि ज्या माणसाला एवढ्या महिन्यांत हिंमत झाली नाही, त्यानं मोटरसायकल काढली. मागं मी बसलो. बीपी तपासायचंच होतं.

उपकेंद्रात लसीकरण होतं. ओसरीवर लेकरं घेऊन बाया बसलेल्या. मास्तर दारातच उभा राहिला. आत गेला नाही, बाजूलाही बोलावलं नाही. म्हणाला, "सिस्टर, तुमच्या भावाकडं काका गेलते. म्या पाठवलं नव्हतं. तो गूळ खरा धरू नका. आता माझं मी इचारतो. मले तुमच्यासंगं लगन करावं वाटते. तुमाले वाटते का?"

बायांनी पदर तोंडात कोंबले. सिस्टरच्या मांडीवर एक लेकरू होतं. तिनं त्याला सुई टोचली. ते कळवळून रडलं. त्याचं रडणं निवेपर्यंत तिनं त्याची मांडी चोळली. मग वर पाहून म्हणाली, "नाही, सर."

"बरं," मास्तर म्हणाला. "शनिवारी पोरींचा तास घ्याले याल ना?"

"येईन."

तो वळला, गाडीला किक मारली आणि निघून गेला. मला तिथंच विसरून.

मी आत गेलो. "काहून" माझ्या जिभेवर नाचत होतं. सिस्टरनं न बोलता माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला आणि फुगा दाबत म्हणाली, "बाबा, माझं पहिलं लगन ठरलं तवा मी बकऱ्या घेऊन रानात होती. घरी आली तं सगळ्याइच्या तोंडात गूळ. अन् यावेळी तुमच्या." पट्टा आवळला. "आज पयल्यांदा मले कोणी इचारलं. मले थोडे दिवस नाही म्हणून पाहू द्या. कसं लागते ते. मंग वाटलं तं माझी मी इचारीन त्याइले."

बीपी वाढलेलं निघालं. माझी चूक होती असं मी आजही मानत नाही. घरचे थोरले विचारतात तेव्हाच सोयरीक ठरते. पण ही गोष्ट पोटात घेऊन मी एवढं अंतर पायी आलो, आणि या वयातही पाय दुखले नाहीत.

मास्तर खोलीच्या दारात भाजी चिरत बसला होता. दिवेलागणीची वेळ. मी म्हटलं, "अरे, सिस्टर सांगत होती का..."

त्यानं विळीवरचा हात थांबवला. "काका, तिनं तुमाले सांगतलं. मले नाही."

"पण तुह्याच फायद्याचं हाय रे लेका."

"फायद्याचं असलं तरी नाही. मले सांगाचं असंल तं तिले माझी खोली मालूम हाय."

आता अशा माणसाला काय करावं? चाळीस कोस चालून तहानेल्याला पाणी आणावं आणि त्यानं लोट्याचं तोंड झाकावं. मला राग आला. धोतर झटकून उठलो, दोन पावलं गेलो.

"काका."

मी मागं पाहिलं. तो माझ्याकडं पाहत नव्हता, हातातल्या वांग्याकडं पाहत होता.

"सांगू नका," म्हणाला. "पण बसा थोडं."

मी बसलो. त्यानं लसणाचा गड्डा माझ्या पुढ्यात सरकवला. आतून बुढी जेवायला हाका मारत होती. मी ओ दिली नाही. एकेक पाकळी सोलत राहिलो, तोंड बंद ठेवून.