दुरुस्तीला काढलेला बुलडोझर

बुलडोझर तळहातावर मावेल एवढाच होता, पण गेला महिनाभर त्याने चष्मेवाल्यांचं अख्खं घर वेठीला धरलं होतं. मागच्या प्रदर्शनात परीक्षकबाई त्यांच्या मॉडेलकडे पाहून, "छान आहे, पण यानं कधी काम केलंय असं वाटत नाही," एवढंच म्हणाल्या होत्या. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. यंदा बक्षीस राहिलं बाजूला, बाईंच्या तोंडून 'खरं वाटतं' एवढं वदवून घ्यायचंच, असा त्यांनी पण केला.

म्हणून यंदाचा बुलडोझर दुरुस्तीला काढलेला होता. दुरुस्ती म्हटली की एक चेन उतरवायला हवी. चेन उतरवली की खाली जॅक आला, आणि जॅक मातीत रुतू नये म्हणून त्याखाली फळी. बॉनेट उघडलं, तर गळणाऱ्या तेलाखाली घमेलं नको? सुटलेले बोल्ट म्हणून त्यांनी दुकानातले चष्म्याचे स्क्रू पसरले. एवढ्यावर भागेना, तेव्हा ते कोपऱ्यावरच्या खोदकामावर जाऊन उभ्या मशीनखाली वाकले. ऑपरेटरने दंड धरून बाहेर ओढलं.

"काका, जीव नकोसा झालाय का?"

"नाही हो. ग्रीस जुनं झालं की काळं पडतं का तपकिरी?"

शेवटी पाना घेतलेला नखाएवढा मेकॅनिक शेजारी उभा राहिला. बायकोला मात्र खोलीत मज्जाव होता. "झाल्यावर बघ," एवढंच उत्तर.

प्रदर्शनाच्या दिवशी गाडीत बुलडोझरचं खोकं तिच्या मांडीवर होतं आणि रस्ता खड्ड्यांचा. तिला दारात सोडून ते गाडी लावायला गेले. तिने हौसेने खोकं उघडलं आणि बघते तर काय! चेन निखळलेली, बॉनेट उघडं, तेल सांडलेलं. नवऱ्याची महिन्याची मेहनत आपल्या मांडीवर मातीत गेली! तिने त्यांच्या पिशवीतला गोंद काढला.

चष्मेवाले आले तेव्हा बुलडोझर लखलखत होता.

"काही बोलू नका," ती कुजबुजली. डोळे भरून आले होते. "हिसका बसला बहुतेक. पण जोडलंय सगळं, तेलही पुसलं. जे काही सुटं पडलं होतं ते माझ्या पर्समध्ये आहे."

ते ओरडणारच होते. पण तिची दोन बोटं गोंदाने एकमेकांना चिकटलेली दिसली, आणि रागाच्या जागी त्यांना भरून आलं.

"छान जोडलंस," ते म्हणाले.

तेवढ्यात परीक्षकबाई आल्या. वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मशीन तर ठणठणीत आहे."

"हो." चष्मेवाल्यांनी मान खाली घातली.

"मग हा पाना घेऊन का उभाय?"

त्यांनी मेकॅनिककडे बोट केलं. आणि बाईंना हसू फुटलं. "काम कधीच संपलंय, पण मालक बघतोय तोवर पाना खाली ठेवायचा नाही! आमच्याकडे पंखा दुरुस्त करायला येतो तो अस्साच उभा असतो. किती खरं वाटतं हो हे!"

बाई पुढच्या टेबलाकडे गेल्यावर बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला.

"बघितलंत? पुढच्या वेळी मला आधीच हाताशी घ्या. तुम्ही गोंद लावताना फार हात आखडता घेता."