खांब वाढवा

एका जंगलात, बाळांनो, केतकी नावाची खार परत आली. सात नद्यांपलीकडे ती खांबांचं शास्त्र शिकली होती. खांब उभा कसा करावा आणि कुणाचं डोकं न फोडता उतरवावा कसा. तिला वाटलं होतं, जंगल म्हणेल, "ये बाई, तुझीच वाट पाहत होतो."

जंगल म्हणालं, "गाडी आडवी लावलीस. बाजूला घे."

कारण जंगलात आता वाहनतळ होता. मधोमध दिव्याचा खांब होता, बुडाशी गंजलेला, एका अंगाला कललेला. त्याच्याखाली सशीणमावशी शेंगा विकायची.

"मावशी, ऊठ इथून. खांब पडेल."

"शुभ बोल गं! अंधारात बसले तर निम्म्या शेंगा माकडंच खातील."

केतकी धावत दरबारात गेली. "महाराज, तो खांब काढायला हवा. आधी वीज बंद करायची, भोवतालची जागा मोकळी करायची, मग दोरांनी धरून हळूहळू..."

"काढायला?" सिंहमहाराज गुरगुरले. त्या खांबाचं उद्घाटन त्यांच्याच पंज्याने झालं होतं.

कारभारी बगळेराव केतकीच्या कानाशी आले. "ताई, शिकलात, पण रीत विसरलात. आपण नारळ फोडतो का? वाढवतो. बांगडी फुटली म्हणतो का? वाढवली म्हणतो. मी लिहितो नीट."

आणि त्यांनी सुरेख अक्षरात हुकूम लिहिला, 'खांब वाढवा.'

हुकूम अस्वलांकडे गेला. अस्वलं भारी आज्ञाधारक. संध्याकाळपर्यंत त्यांनी खांबाच्या डोक्यावर दुसरा खांब जोडला.

खांब आता वाऱ्यावर डुलू लागला.

"बघ, उजेड लांबवर गेला!" मावशी म्हणाली.

"उद्या आम्ही याच खांबाखाली बसून शेंगा खाऊ," महाराज म्हणाले.

"अहो, पडेल तो!" केतकी किंचाळली.

"शुभ बोल!" सगळं जंगल एका सुरात ओरडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीने ठरवलं, सोडायचा तो शब्द. दोर सोडायचा नाही. ती दरबारात गेली.

"महाराज, खांबाला आपल्यापुढे साष्टांग नमस्कार घालायचाय."

महाराजांची आयाळ फुलली. "मग घालू दे की!"

"उंच आहे, जागा बरीच लागेल. मावशी आणि गाड्या लांब हव्यात, वीज बंद हवी, दोर हवेत. आपणही लांबूनच आशीर्वाद द्या."

"आणि वीज का बंद?" बगळेरावांनी विचारलं.

"नमस्कार करताना डोळे मिटतात ना?"

"दोर कशाला?"

"म्हातारा आहे. वाकताना आधार लागतो."

महाराज जरा विचारात पडले. "पण मग त्याच्या जागी कोण?"

"त्याचा मुलगा, महाराज."

हे मात्र दरबाराला लगेच पटलं.

तात्पर्य : सत्य ताठ उभं केलं, तर ते गरिबाच्या डोक्यावर पडतं. म्हणून शहाण्याने ते वेळीच राजाच्या पायाशी आडवं करावं.