महाराज, जरा गाऊ नका!

चांदूर रेल्वेच्या नत्थुजींनी कीर्तन मंडळापुढे छाती ठोकून सांगितलं, "अकोल्याच्या भगवंत महाराजाइले मी सोता घेऊन येतो! दिवेलागनीच्या आत! माह्या पोरीनं रस्ता दाखवनारं ॲप बनवलं हाय. कोनाले रस्ता इचारायचं कामच नाही!"

महाराजांची तारीख मिळावी म्हणून नत्थुजींनी कैक वर्षं अकोल्याचे उंबरे झिजवले होते. कीर्तन म्हटलं की हा माणूस जेवणाचं ताट सोडून उठायचा! मागच्या वर्षी ऐन निरूपणात कुणाचा तरी फोन वाजला, तेव्हा त्यांना आठवडाभर अन्न गोड लागलं नव्हतं.

मुलगी दामिनी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिचं ॲप साधंसुधं नव्हतं. वेळप्रसंग ओळखून वागणारं! ऊन पडलं की अक्षरं ठळक, गाडी पळू लागली की बटणं पुरीएवढी, गोंगाट वाढला की आवाजही मोठा!

"बाबा, याले सगळं समजते!"

"मंग याले कीर्तन बी समजलं पाह्यजे!" नत्थुजी गरजले. "टाळ ऐकू आले का याचं तोंड बंद!"

पोरीनं बापाची हौस पुरवली. टाळ आणि गाणं कानी पडलं की ॲप चिडीचूप, वर पडदाही काळा. शेजारच्या श्रोत्याच्या डोळ्यांवर उजेड नको!

झालं. नत्थुजींचा फोन गाडीत समोर अडकवला, दामिनी स्टेअरिंगवर बसली, आणि अकोल्याहून महाराजांना घेऊन स्वारी निघाली. हायवेवर गर्दी आहे म्हणून ॲपनं दर्यापूरचा रस्ता सुचवला.

"पाहा महाराज, पोट्टीचं डोकं!"

महाराज खूश झाले. खूश झाले म्हणजे गाऊ लागले! नत्थुजींच्या मांडीवर टाळ होतेच. अख्खं कीर्तन आणि श्रोता एकटा आपण! नत्थुजींनी डोळे मिटले. गाडी हवेतून चालली आहे की डांबरावरून, याचा त्यांना पत्ता राहिला नाही.

दर्यापूरचा चौक आला. उजवीकडे अमरावती. ॲप शहाण्या सुनेसारखं मान खाली घालून गप्प! दामिनीनं विचार केला, 'वळायचं असतं तर बोललं असतं,' आणि गाडी सरळ दामटली.

बऱ्याच वेळानं दामिनीचा फोन वाजला. स्पीकरवर तिची आई, रुख्मिणीबाई!

"कुठी हा तुमी? मांडव फुल भरला! लोकं मलेच इचारून राह्यले, महाराज कुठी म्हनून!"

"आलोच!" असं ओरडत नत्थुजींनी डोळे उघडले. समोर दुकानाची पाटी होती: अंजनगाव सुर्जी.

"पोरी, हे तं अंजनगाव! आपुन उलटे येऊन राह्यलो वं!"

दामिनीनं करकचून ब्रेक दाबला. टाळ थांबले, महाराज थांबले, आणि ॲपला कंठ फुटला. "तुमचं ठिकाण मागे राहिलं आहे. कृपया मागे फिरा."

"आत्ता सांगते का लेकाचं!"

"बाबा, तुमीच तं म्हटलं होतं, टाळ ऐकले का गप बसाव म्हनून!"

"काढून टाक ते! आत्ताच्या आत्ता!"

"काढतो. पन लॅपटॉप उघडावा लागन. तवरोक कोनी गाऊ नका, नाही तं पुन्हा मुकं होईन ते!"

भगवंत महाराजांना गप्प राहायला कोण सांगणार? ज्यांच्या एका ओळीसाठी जन्म वाहिला, त्यांना? नत्थुजींनी टाळ बाजूला ठेवले. त्यांनी हात जोडले.

"महाराज... जरा... गाऊ नका!"

महाराजांनी एकदा नत्थुजींकडे पाहिलं, एकदा फोनकडे पाहिलं, आणि तोंडावर बोट ठेवलं. दामिनीनं रस्त्याच्या कडेलाच लॅपटॉप उघडून ॲपचं मौनव्रत मोडलं. पण नत्थुजींची हिंमत होईना! चांदूर येईपर्यंत गाडीत कुणी खोकललंसुद्धा नाही!

पोचले तेव्हा दिवेलागण कधीच होऊन गेली होती, पण माणसं हलली नव्हती. यंदा गर्दी मोठी म्हणून मांडव देवळाच्या पुढं, मैदानात टाकलेला. महाराज गाडीतून उतरले ते थेट गादीवर! नत्थुजी फोन खिशात टाकून, टाळ घेऊन मागं माइकपाशी उभे राहिले. आणि काय तो गजर! अंजनगावपासून कोंडलेलं गाणं महाराजांच्या गळ्यातून धरण फुटल्यासारखं सुटलं! नत्थुजींच्या डोळ्यांना धार लागली.

मग निरूपण सुरू झालं. महाराजांनी आवाज खाली आणला.

"मानूस धावत सुटते बाप्पा. देव मागं राह्यला, हे त्याले सांगन तरी कोन?"

मांडव स्तब्ध. आणि गजरात कमावलेल्या खणखणीत आवाजात नत्थुजींचा खिसा माइकवरून बोलला:

"तुमचं ठिकाण मागे राहिलं आहे! कृपया मागे फिरा!"

ॲपमध्ये ठिकाण म्हणून देऊळ टाकलेलं होतं, मांडव नव्हे! पण हे कुणाला ठाऊक? सगळा मांडव वळला. मागं देवळाचा कळस दिसताच म्हाताऱ्याकोताऱ्यांनी हात जोडले. "विठ्ठल विठ्ठल!"

"बाबा!" पुढच्या रांगेतून दामिनी आनंदानं ओरडली. "गोंगाटात आवाज वाढला! चालते! माहं ॲप चालते!"

नत्थुजी दोन्ही हातांनी खिसा दाबत होते. फोन काही गप्प बसेना. महाराज सावकाश मागं वळले.

"नत्थुजी, मले तं गाडीत गप बसवलं. आता याले बसवून दाखवा!"