पाण्याखाली असताना मोटर लावू नये

इतिहासाशी इमान राखायचं तर संसाराला थोडी तोशीस लागतेच. तुळजापुरात इतिहास शिकवणारे मार्तंड मास्तर ती आनंदानं लागू देत.

मास्तर संगणकाच्या खेळात दुसऱ्या महायुद्धातली पाणबुडी चालवत. खरा समुद्र त्यांनी एकदाच, शाळेच्या सहलीत पाहिला होता (गुडघ्यापर्यंत). पण खेळातल्या पाणबुडीची बॅटरी खऱ्यापेक्षा लवकर चार्ज होते, हे त्यांनी कंपनीला वारंवार कळवलं होतं. कंपनी (बहुधा शरमेनं) गप्प होती.

खेळात वास्तव जिथं कमी पडे, तिथं ते घरातून भरून काढत. मोहिमेवर असताना दाढी बंद, आंघोळ बंद. त्या काळी निघताना पाणबुडीच्या एका संडासातही शिधा भरत, म्हणून घरच्या दोनपैकी एकात कांद्याची पोती. (हे कलम पत्नी शामलाताईंनी नुसत्या नजरेनं रद्द केलं.) गोडं पाणी जपून वापरण्याचं कलम मात्र एकमतानं मंजूर झालं, कारण नळ आठवड्यातून एकदाच येई आणि ते घरात आधीपासूनच लागू होतं.

त्या रविवारी शामलाताई बेंबळीला माहेरी निघाल्या. जाताना म्हणाल्या, "नळ आला की मोटर लावा, टाकी भरा. चुकलं तर आठ दिवस थेंब न्हाय. उद्या माझ्यासंगं आई येणार हाय."

मास्तरांनी मान डोलावली आणि डुबकी मारली.

दुपारी शत्रूच्या विनाशिकेनं त्यांना गाठलं. मास्तर खोल गेले, पाणबुडीची यंत्रं बंद केली, खोलीतला पंखाही बंद केला (घाम ऐतिहासिक होता). वर शत्रू पाण्याला कान लावून बसलेला. पहिला बॉम्ब डावीकडं फुटला. नेमका तेव्हाच नळ आला.

शेजारचे गुंडाप्पा खिडकीशी येऊन म्हणाले, "मास्तर, पाणी आलंय. मोटर लावा की."

"हळू बोला," मास्तर कुजबुजले. "मोटरचा आवाज वर ऐकू जाईल."

गुंडाप्पांनी वर पाहिलं. शिकल्या माणसाबद्दल त्यांना आदर होता. ते चवड्यांवर चालत परत गेले.

दुसरा बॉम्ब अगदी जवळ फुटला. पाणबुडीतले दिवे गेले, पाणी आत शिरू लागलं, बॅटरी संपत आली. आणखी एक पडता तर खेळ खलास. मास्तरांनी श्वास रोखला. विनाशिका बरोबर डोक्यावर आली, घुटमळली, आणि हळूहळू दूर निघून गेली. पाणबुडी वाचली.

हायसं वाटलं ना? नळ मघाशीच गेला. टाकीचं काय झालं, हे तुम्हीही मधे एकदाही विचारलं नाहीत. तेव्हा उद्या शामलाताई आईला घेऊन आल्या की जाब द्यायला मास्तरांशेजारी उभे राहा, आणि येताना एक घागर भरून आणा.